पायतानं खाली, मानसं वर

देवळात जाताना चपला काढाव्या लागतात, हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्या कोल्हापुरात त्या आणखी एका ठिकाणी काढाव्या लागत. सिदूमामांच्या टॅक्सीत बसताना.

स्टँडवर कागलला जाणाऱ्या आपल्या मोटारीचं दार धरून मामा उभे असत. सहा फूट देह, खाकी कोट, गुलाबी पटका, खांद्यावर टॉवेल आणि पाय अनवाणी. उतारू आला की ते त्याच्या तोंडाकडं बघत नसत, पायांकडं बघत, आणि म्हणत, "पायतानं खाली, मानसं वर." यात दरडावणी नव्हती आणि विनवणीही नव्हती. पोस्टमन 'पत्र' म्हणतो, तसं ते म्हणत. कुणी हुज्जत घातलीच तर मामा शेजारी उभ्या सर्व्हिस मोटारीकडं, म्हणजे बसकडं, बोट दाखवत. "पावणं, तिकडं बुटासकट घेत्यात."

सुरुवातीला ते सगळ्यांच्या चपला एका पोत्यात भरून गाडीच्या मागं बांधत. कागलच्या बाजाराच्या दिवशी ते पोतं उलटं केलं, तर चौदा चपला आणि सगळ्या कोल्हापुरी. दोन पाहुण्यांनी एकाच जोडावरून एकमेकांच्या गचांड्या धरल्या, आणि एका म्हाताऱ्यानं दोन्ही डाव्या चपला घालून बाजार उरकला. त्यानंतर मामांनी सुताराकडून खणांचं एक खोकं करून घेतलं. आकडे सगळ्यांना वाचता येत नाहीत म्हणून प्रत्येक खणावर चित्र रंगवून घेतलं. मोर, आंबा, हत्ती, विंचू. "तुमी विंचू," असं मामांनी एकदा सांगितलं की तो गृहस्थ कागल येईपर्यंत विंचू. उतरताना हाक यायची, "हत्ती कोन? चला, घ्या."

मामा पूर्वी एका सरदारांच्या पदरी ड्रायव्हर होते. संस्थान विलीन झालं, सरदारांचा बारदाना आटोपला आणि बाटलीसारख्या हिरव्या रंगाची ती जुनी अमेरिकन मोटार मामांच्या वाट्याला आली. तिच्यावर त्यांनी टॅक्सीचा परवाना काढला. बैलगाडीला मागं टाकण्यापूर्वी ते भोंगा वाजवत नसत, गाडीवानाच्या बरोबरीला येऊन विचारत, "फुडं जाऊ का, पावणं?" कुणी दार आपटून लावलं तर त्याला उतरवून ते पुन्हा लावायला लावत. "म्हातारीच्या तोंडावर दार आपटतासा व्हय?" चपलांचं मात्र कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी म्हणे नवस आहे, कुणी म्हणे सरदारांचा हुकूम. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तिचं अंग नाजूक हाय."

मी राजारामपुरीत मामांच्या शेजारी राहायचो आणि मोटारींच्या नोंदणीच्या कचेरीत हेडक्लार्क होतो. मी कमी बोलणारा माणूस. कमी बोलणारी माणसं भली असतात, अशी एक समजूत आहे. ती माझ्याबाबतीत खरी नाही. मी आयुष्यात एकदाच चहाडी केली, ती मामांची. घरीसुद्धा ही गोष्ट मी कित्येक वर्षं सांगितली नव्हती.

मामांची मोटार पहाटे पाच वाजता माझ्या खिडकीखाली सुरू व्हायची. म्हणजे व्हायची नाही. मामा हँडल मारत, ती खोकत असे, मामा समजूत काढत, ती पुन्हा खोकत असे. हे पाव तास चाले. पण खरं सांगायचं तर झोपमोडीचा राग माणूस गिळतो. मला डसली ती वेगळी गोष्ट.

आमच्या कचेरीत नवे साहेब आले होते. मोटारींची तपासणी, ज्याला सगळे पासिंग म्हणत, ती तेच करत. एकदा त्यांना कागलला जायचं होतं आणि कचेरीची गाडी बंद होती, म्हणून मी मामांची टॅक्सी ठरवली. साहेबांना नियम सांगितला, तर ते मजेत हसले आणि बूट काढून 'मोर' झाले. मी बुटाच्या नाडीशी खटपट करत राहिलो. कारण डाव्या मोज्याला मोठं भोक होतं, आणि ते घरून निघाल्यापासून मला माहीत होतं. शेवटी बूट निघाला. अंगठा आणि शेजारचं बोट, दोघंही बाहेर.

साहेब म्हणाले, "हेडक्लार्क, तुमच्याकडचे दोघं जागेवर दिसत नाहीत." बरोबर आलेला कचेरीचा शिपाई हसला, पुढं बसलेला एक गुळाचा व्यापारी हसला. मामा हसले नाहीत. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, माझ्या पायांवर नीट पसरला आणि गाडी सुरू केली. मला वाटलं, उरलीसुरली अब्रू या माणसानं अशी झाकून सगळ्यांना दाखवली. पुढं आठवडाभर कचेरीत कुणी रजेचा अर्ज आणला की साहेब माझ्या पायांकडं बघत.

दोन महिन्यांनी मामांच्या गाडीचं पासिंग आलं. दरवर्षी मामा तिला धुऊन, बॉनेटवर झेंडूचा हार घालून आणत. ब्रेक लागे, दिवे लागत, भोंगा वाजे आणि ती पास होई. पण मला एक ठाऊक होतं. पहाटे खिडकीतून दिसायचं, मामा गाडीखाली आडवे होऊन डाव्या बाजूला तारेचे वेढे आवळतात. साहेब बाहेर निघाले तेव्हा मी कागदांतून मान वर न काढता म्हणालो, "त्या हिरव्या गाडीला डाव्या अंगानं खालून बघा."

साहेब तरटावर झोपून खाली गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात तारेचा तुकडा होता. ज्या लोखंडी चौकटीवर सगळी गाडी उभी असते तीच डावीकडं तडकली होती. गाडी नापास झाली. पंधरा दिवसांत दुरुस्त करून आणा, नाहीतर परवाना रद्द, अशी नोटीस निघाली. नोटीस इंग्रजीत होती आणि टाइप मीच केली.

संध्याकाळी मामा तीच नोटीस घेऊन माझ्याकडं आले. "रावसाब, काय लिवलंय वाचा जरा." माझंच लिहिलेलं मी त्यांना मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी ती घडी करून पटक्यात खोवली आणि विचारलं, "मग? हिलाच नीट करू, का दुसरी घिऊ?"

परवाना गेला तर मामांची रोजची भाकर जाणार होती. दुसरी गाडी घ्यायची तर ही विकावी लागणार होती, आणि ही जाणार होती ती फक्त भंगारवाल्याकडं. मला तोंड वर करवेना. म्हटलं, "नीट करा मामा. अशी गाडी पुन्हा मिळायची नाही."

पुढचे पंधरा दिवस मामांनी गावाला विचारलं. न्हाव्यानं सांगितलं, दुसरी घ्या. तालमीतल्या वस्तादांनी सांगितलं, हिला थंडाई द्या. कागलच्या एका डॉक्टरांना त्यांची लहान गाडी विकायची होती, ती मामा बघून आले आणि म्हणाले, "चांगली हाय. पन तिला पायरीच न्हाय. बसायचं म्हंजे वाकून बिळात शिरल्यागत." रात्रीचं जेवण झालं की ते माझ्या ओट्यावर येऊन बसत आणि तोच प्रश्न विचारत. मी दरवेळी अधिक जोर लावून 'नीट करा' म्हणत असे. आपण मोडलेलं आपणच जोडतो आहोत असं मला वाटे, आणि त्या दिवसांत मला झोपही चांगली लागे. पहाटेचा तो खोकलाही बंद होता.

मिस्त्रीनं चौकट झाळून दिली. पण हात पुसत मामांना म्हणाला, "माझं काम मी केलंया. पन लोखंड खाल्लंय गंजानं. तुमच्या जागी असतो तर ह्यात सासऱ्याला बसवलं असतं, बायकूला न्हाय."

चौदाव्या दिवशी मामा मला गाडीतून कळंब्याच्या तळ्यापर्यंत घेऊन गेले. चालते कशी ते बघायला. मी बूट काढून पुढं बसलो. गाडी चांगली चालली, फक्त डाव्या वळणावर खालून दार करकरावं तसा आवाज यायचा. तळ्याच्या बांधावर मामांनी ती उभी केली. समोर पाणी शांत होतं, पलीकडं तुरुंगाची भिंत. कारण नसताना मला त्या भिंतीकडं बघवेना.

"आवाज ऐकलासा न्हवं?" मामा म्हणाले.

म्हटलं, "त्याचं काही नाही. उद्या मी साहेबांशी बोलतो. होईल पास."

मामा बराच वेळ स्टिअरिंगवरची धूळ बोटानं पुसत राहिले. मग त्यांनी अगदी सहज विचारलं, "जोतिबाच्या घाटातनं वैनीबाईंना न्ह्याल ह्यात बसवून?"

मला 'हो' म्हणता आलं नाही. मी कमी बोलणारा खरा, पण त्या दिवशी थांबलोच नाही. मोज्याचं भोक, साहेबांची थट्टा, खिडकीतून दिसलेली तार, मान खाली घालून टाकलेलं ते एक वाक्य, सगळं सांगितलं. वर हेही सांगितलं की, मला उतारूंची काळजी होती असं मी आज म्हणू शकेन, पण ती नव्हती. मला फक्त तुम्हाला खाली बघायला लावायचं होतं.

"ठावं हाय मला," मामा म्हणाले. "साहेबच बोललं त्या दिशी. तुमच्या शेजाऱ्यामुळं वाचलासा म्हनून."

"मग माझ्याकडं रोज विचारायला कशाला आलात?"

"ज्याला तिचं वाईट दिसतंय त्यालाच इचारायचं की. बाकीची लाजंकाजंनं ग्वाड बोलत्यात. पन तुमीच सगळ्यांत ग्वाड बोलाय लागलासा." ते थोडं हसले. "ती तार मीच बांधत हुतो, रावसाब. मला दिसत न्हवतं असं न्हाय. बगत न्हवतो."

मग त्यांनी मागच्या सीटकडं मान वळवली आणि आपण होऊन सांगितलं.

सरदारांच्या घरच्या बायका एकदा पन्हाळ्याला निघाल्या होत्या. मालकीणबाई म्हणाल्या, सिदू, तुझ्या बायकोलाही घे. ती बिचारी जन्मात मोटारीत बसली नव्हती. नवं लुगडं नेसून आली, आणि देवळाच्या दारात ठेवाव्यात तशा चपला रस्त्यावर पायरीशी जोडून ठेवून आत बसली. गाडी निघाली. चपला तिथंच राहिल्या. पन्हाळ्यावर ती तापलेल्या फरशीवर अनवाणी उतरली तेव्हा सगळ्यांना कळलं, आणि बायका दिवसभर हसल्या.

"ती बी हसली," मामा म्हणाले. "आन् मी बी हसलो. मालकिनी हसल्या म्हनून हसलो. ती माझ्याकडं बगत हुती तवा." पाण्यावर एक बगळा उतरला, त्याच्याकडं बघत ते म्हणाले, "त्येच्यानंतर या गाडीत ती कंदी बसली न्हाय. म्हनायची, मला न्हाय सोसत पेट्रोलचा वास. गाडी माझी झाली, तवा ती न्हवती. मग म्हनलं, हितनं फुडं सगळ्यांनीच काढायची. आन् कुनाची मागं ऱ्हायची न्हाईत."

मला तो टॉवेल आठवला. परतताना डाव्या वळणावर पुन्हा करकर झाली. मामांनी वेग कमी केला आणि म्हणाले, "बास झालं. दमलीया ती."

पंधराव्या दिवशी मामा गाडी घेऊन पासिंगला आले नाहीत. डॉक्टरांची गाडी घेऊन आले. करडी, बुटकी, पहिल्या हँडलला सुरू होणारी. साहेब तिच्याखालीही झोपून आले. ती पास झाली आणि परवाना तिच्या नावावर चढला. ते कागद मी इतक्या काळजीनं केले की साहेबांनी विचारलं, गाडी तुमची आहे का. जुनी भंगारात गेली, फक्त तिची पायरी मामांनी काढून घेतली आणि स्वतःच्या घराच्या उंबऱ्यापुढं बसवली.

नव्या गाडीच्या पहिल्या खेपेला मी बायकोला घेऊन स्टँडवर गेलो. मामांनी मला आधीच सांगितलं होतं की या गाडीत कुणाला काही म्हणायचं नाही. "ती गाडी येगळी हुती. हिचा आन् तिचा काय संबंध?" खोकंही त्यांनी घरीच ठेवलं होतं. दार धरून ते उभे राहिले. सवयीनं तोंड उघडलं आणि मिटलं.

पहिला आला तो गुळाचा व्यापारी. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, चपला काढल्या, वाकून आत बसला आणि विचारलं, "खोकं कुठाय? मी हत्ती." त्याच्यामागून कागलचे दोन शेतकरी आले. त्यांनी तर विचारलंही नाही. काढल्या आणि बसले. माझ्या बायकोनं चपला हातात घेतल्या. "मामा, मला मोर द्या. दरवेळी आंबाच देता."

मामा तसेच उभे. मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून बॉनेटवर पसरला, सगळ्यांच्या चपला एकेक करून त्यात घेतल्या, कुणाची कुठली ते नीट बघून, आणि गाठोडं आपल्या सीटखाली ठेवलं. वाकलेले होते ते जरा जास्तच वेळ वाकून राहिले.

मी शेवटचा. त्या दिवशी माझे मोजे धड होते. बायकोनं आदल्या दिवशीच नवे आणले होते. मी बुटांबरोबर तेही काढले आणि पुढं मामांच्या शेजारी जाऊन बसलो. कागलपर्यंत गाडीत आम्ही सहा माणसं होतो, सगळी अनवाणी.