उत्तरेश्वरच्या हसऱ्या फोटोचे एकमेव हक्क

एखादी वस्तू आपल्याला मिळण्याच्या आनंदापेक्षा ती शेजाऱ्याला न मिळण्याचा आनंद अधिक टिकाऊ असतो, हे अर्थशास्त्राचे मूलभूत सत्य आहे. पाश्चात्त्य पंडितांनी ते अजून नीट मांडलेले नाही, कारण त्यांच्यापैकी कोणी सदाशिव पेठेत पुरेसा काळ राहिलेले नाही. (जागाही मिळाली नसती. मालकांनी आधी आडनाव विचारले असते.)

या सत्यावर शास्त्रशुद्ध धंदा उभारण्याचा मान आमच्या इमारतीतल्या अभिनवकडे जातो. साल दोन हजार. उदारीकरण येऊन नऊ वर्षे झाली होती आणि पेठेत दर तिसऱ्या जिन्यावर संगणकाचा क्लास होता. टायपिंगचे क्लास, शिवणकामाचे क्लास, एक बंद पडलेली पिठाची गिरणी, सगळीकडे जावा शिकवत होते. क्लास म्हटला की जाहिरात आली. जाहिरात म्हटली की अमेरिकेला गेलेला माजी विद्यार्थी आला. आणि माजी विद्यार्थी तयार व्हायला क्लास निदान एकदा तरी पूर्ण व्हावा लागतो. नव्या क्लासांची ही अडचण ओळखून अभिनवने फोटो-बँक काढली.

फोटो-बँकेत तयार फोटो मिळत. आनंदी गृहिणी, विचारमग्न अधिकारी, संगणकाकडे बघून एकदम हसणारे अख्खे कुटुंब. गिऱ्हाइकाने चारशे रुपये भरायचे आणि आपल्या जाहिरातीत फोटो छापायचा. फोटो त्याचा होत नसे, फक्त वापरायला मिळे. तोच फोटो उद्या दुसऱ्यालाही मिळे. दुसऱ्याला मिळू नये असे वाटत असेल तर एकमेव हक्क घ्यावे लागत, आणि खरा धंदा तिथे होता.

सर्वांत जास्त खपला तो उत्तरेश्वरचा फोटो. उत्तरेश्वर परंड्याकडचा. वडिलांनी पतसंस्थेचे कर्ज काढून त्याला पुण्यात जावा शिकायला पाठवले होते. धायरीत तिघांत एक खोली, सकाळी सातची बॅच, आणि वर्षाच्या आत नोकरी लागलीच पाहिजे असा घरचा हिशेब. फोटोसाठी माणूस हवा होता, तेव्हा तो आमच्या जिन्यात पाऊस थांबायची वाट बघत उभा होता. दीडशे रुपये, एक मसाला डोसा, करीमभाईंच्या स्टुडिओतला टाय आणि काचा नसलेला चष्मा. टेलिफोनचा रिसीव्हर हातात देऊन करीमभाई म्हणाले, "हसा. समजा नोकरी लागली." पोरगा असा हसला, की करीमभाईंनी दुसरा फोटो काढलाच नाही.

चार महिन्यांत उत्तरेश्वर पाच क्लासांतर्फे अमेरिकेला गेला. कुठे तो रोहित होता, शिकागोत. कुठे समीर, डॅलसमध्ये. आणखी एका क्लासने त्याला कॅनडात ठेवले होते, पण त्यांची फीही कमी होती.

प्रकरण पेटले एका रविवारी. वर्तमानपत्राच्या एकाच पानावर, डाव्या कोपऱ्यात तो सर्जेराव सरांच्या क्लासचा राहुल म्हणून सनीव्हेलला होता आणि उजव्या कोपऱ्यात दुसऱ्या क्लासचा रोहित म्हणून शिकागोला. सर्जेराव सर पूर्वी उसाच्या वाहतुकीत होते. संगणकाला ते अजूनही 'गाडी' म्हणत. ते पेपर घेऊन जिना चढले.

"अहो, माझा पोरगा त्याच्याकडं कसा काय?" सर गरजले.

"सर, तो सगळ्यांचाच आहे," अभिनव नम्रपणे म्हणाला. "तुमचा एकट्याचा हवा असेल तर वेगळा रेट आहे."

मी निवृत्त असल्याने साक्षीदार म्हणून बोलावला गेलो, त्यामुळे किंमत कशी ठरते ते मला समक्ष पाहता आले. पद्धत अत्यंत न्याय्य आहे. आधी क्षेत्र: लकडी पुलापर्यंत एक दर, पुलापलीकडे दुसरा, पिंपरी-चिंचवड धरल्यास तिसरा. (कात्रजपर्यंत दहा टक्के वाढीव. कात्रजच्या पलीकडे पुणेकराच्या मते जग नसल्याने मोफत.) मग मुदत. मग व्यवसाय, म्हणजे हाच उत्तरेश्वर गुडघेदुखीच्या तेलाला चालेल की नाही. आणि सगळ्यांत शेवटी पोटदुखी अधिभार. गिऱ्हाइकासमोर प्रतिस्पर्ध्याचे नाव घ्यायचे आणि चेहऱ्याकडे बघायचे. चेहरा जितका वाकडा, तितकी टक्केवारी. अभिनवच्या पाहणीनुसार शंभरातली त्र्याहत्तर गिऱ्हाइके स्वतःला फोटो मिळाला नाही तरी चालेल, पण समोरच्याला मिळू नये, या मताची होती. उरलेली सत्तावीस भाडेकरू होती.

आकडा साठ हजारांवर थांबला. करीमभाई बिल द्यायला आले होते. ते म्हणाले, "पासपोर्ट साइजच्या आठ कॉप्या मी तीस रुपयांत देतो हो." त्यांच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. कलावंताला किमतीतले कळत नाही.

सही करताना सर्जेराव सरांच्या डोक्यात एक रास्त शंका आली. साठ हजार मोजून फोटो आपला एकट्याचा झाला, पण माणसाचे काय? फोटोतला इसम सनीव्हेलला असल्याने तो पुणे मनपा हद्दीत दिसता कामा नये, असे कलम त्यांनी घालून घेतले. अभिनवने ते आनंदाने घातले, कारण माणूस त्याचा नव्हता.

अडचण एवढीच होती, की उत्तरेश्वर रोज सकाळी सात वाजता सर्जेराव सरांच्याच क्लासात तिसऱ्या बाकावर बसत असे.

हे उघडकीस आले ते एका आईमुळे. मुलीचे नाव घालायला आलेल्या या बाईंनी त्याला कूलरपाशी पाणी पिताना पाहिले. "अगंबाई, हा तर अमेरिकेत ना?" सर क्षणभरही डगमगले नाहीत. "सुट्टीवर आलाय. क्लासची ओढ." बाईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी मुलीबरोबर धाकट्याचेही नाव घातले.

त्या दुपारी सरांनी उत्तरेश्वरला ऑफिसात बोलावले आणि तू सनीव्हेलला आहेस, उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितले.

"ओ सर, मी धायरीत राहतो की," उत्तरेश्वर म्हणाला. "फी भरलीय मी. शिकू तर द्या."

सरांनी त्याला समजावले. फी कोणत्याही कारणाने परत मिळत नाही, आणि परदेशगमन हेही कारणच आहे. शेवटी माणुसकी म्हणून नोट्स घरी नेण्याची परवानगी दिली. पोरगा जिद्दीचा. एका इंटरनेट कॅफेत तासाच्या भाड्याने बसून त्याने जावा पूर्ण केला. प्रमाणपत्र मात्र अडले. त्यावर फोटो लागतो, आणि त्या चेहऱ्याचा माणूस क्लासच्या दप्तरी राहुल होता. त्याच चेहऱ्याला उत्तरेश्वर म्हणून प्रमाणपत्र देणे म्हणजे सरळसरळ फसवणूक झाली असती, आणि सर तत्त्वाचे होते.

प्रमाणपत्राशिवाय तो एका सॉफ्टवेअर कंपनीत मुलाखतीला गेला. प्रश्नांची उत्तरे त्याने चोख दिली. मग मुलाखत घेणाऱ्या बाईंनी त्याला निरखून पाहिले. यांना कुठेतरी पाहिलेय, असे त्यांना वाटले, आणि मग कुठे तेही आठवले. पाच वेळा अमेरिकेला गेलेला माणूस पुण्यात पाच हजारांवर का येतोय, असा सुज्ञ विचार त्यांनी केला. तिकडून काढून टाकले असणार. पाचही वेळा. बाईंनी त्याला नम्रपणे निरोप दिला. पुढच्या दोन कंपन्यांतही असेच झाले. तिसऱ्या मुलाखतीनंतर तो आमच्या जिन्यात बसून रडला. मला फार वाईट वाटले आणि अभिनवचा रागही आला. तसे मी अभिनवला सांगितले, त्याने मला चहा दिला.

इकडे पतसंस्थेचा हप्ता थकला, तेव्हा सर्जेराव सरच धावून आले. त्यांनी उत्तरेश्वरला महिना दोन हजारांवर ठेवून घेतले. काम सोपे होते. दर रविवारी सभागृहात पालकांसमोर अमेरिकेहून यायचे.

पहिल्या रविवारी मी मागे बसलो होतो. सभागृह खच्चून भरले होते. उत्तरेश्वर टाय लावून व्यासपीठावर उभा राहिला. सरांनी लिहून दिलेला कागद त्याने बघितला, घडी करून खिशात ठेवला आणि माईकवर म्हणाला, "मी अमेरिकेला गेलेलो नाही. मला इथंबी नोकरी लागली नाही. या क्लासात मला बसू दिलं नाही. फोटोत हसतोय तो दीडशे रुपयांत हसलोय. पोरांचे पैसे भरताना इचार करा."

सर्जेराव सरांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

आणि मग टाळ्या सुरू झाल्या. टाळ्या तुम्ही सुरू केल्यात. चौथ्या रांगेत, मुलाला मांडीशी धरून बसला होतात. "बघ, एवढा मोठा झाला, पण पाय जमिनीवर आहेत," असे तुम्ही मुलाला म्हणालात, आणि शेजारचे गृहस्थ उठायच्या आत काउंटरवर जाऊन विचारलेत, की याच सरांच्या बॅचला शेवटची एकच जागा उरली असेल, तर ती कितीला पडेल.