निमसे मास्तरांची बर्फावरची रेघ

निमसे मास्तरांनी आयुष्यात बर्फ पाहिला तो सोनईच्या बाजारातल्या गोळेवाल्याच्या गाडीवर आणि आमच्या फ्रीजमध्ये. पण बर्फावर घसरत नाचणाऱ्या बायकांमध्ये जगात थोर कोण, हे त्यांच्याइतकं ठासून सांगणारा माणूस अख्ख्या नेवासा तालुक्यात नव्हता. दुसरं कोणी सांगायलाच बसलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

मास्तर आमचे शेजारी. हायस्कुलात चित्रकला शिकवून रिटायर झालेले. फळ्यावर कंपास न लावता एका दमात वर्तुळ काढत, आणि ते जिथे सुरू झालं तिथेच येऊन मिटे. नव्वदच्या पुढे आमच्या गल्लीत केबल आली. पहिली जोडणी आमच्याकडे, कारण आमचे हे साखर कारखान्यात पगारदार आणि मी हट्टाला पक्की. दुपारी खेळांच्या चॅनेलवर स्केटिंग लागलं की मास्तर हजर. हातात दोनशे पानी वही, कानावर पेन्सिल आणि बसायला घरून आणलेलं लाकडी स्टूल. आमची खुर्ची त्यांना चालत नसे.

"मऊ बसलं की गुण बी मऊ पडत्यात, वहिनी."

नगरच्या रद्दीवाल्याकडून जुनी इंग्रजी मासिकं आणून ते त्यातले फोटो वहीत चिकटवत. त्या बायकांची नावं जिभेला जड, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली होती. काळ्यापांढऱ्या फोटोतली ती 'मोजेवाली'. हल्लीची, टीव्हीवर उड्या मारणारी ती 'जांभळी'. मी जांभळीच्या पार्टीची. हवेत तीन गिरक्या घेऊन ती अलगद टेकली की मी टाळ्या पिटायची. चाळिशी उलटलेली बाई, मांडीवर निवडायची मेथी, आणि टाळ्या. मग संध्याकाळपर्यंत सतरंजीतून मेथी वेचत बसायची.

मास्तर शांतपणे म्हणत, "उड्या काय, शेरडू बी मारतंय. रेघ कुटंय?"

रेघेचं त्यांचं पुराण मला पाठ झालं होतं. पूर्वी म्हणे या बायकांना आधी बर्फावर आकृत्या काढून दाखवाव्या लागत. एका पायावर, बुटाच्या पात्याने इंग्रजी आठ काढायचा. मग त्याच रेघेवरून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. परीक्षक बर्फावर उतरून, वाकून, वेळ पडली तर गुडघे टेकून रेघ तपासायचे. एके काळी निम्म्याहून जास्त गुण या रेघांना होते. ते कमी कमी होत गेले आणि नव्वद साली रेघाच बंद झाल्या. "बगनाऱ्याला कंटाळा येतोय म्हनं," हे सांगताना मास्तरांचा चेहरा असा व्हायचा, की कोणी शाळेतून चित्रकलेचा तासच काढून टाकला आहे.

"मग थोर कोण? मोजेवाली का जांभळी?" मी मुद्दाम डिवचायची.

"तसं इचारायचं न्हाई. हिला उडी ठावी न्हाई, तिला रेघ. ज्या त्या काळचा नियम ज्याला त्याला. नियम मागं लावायचा न्हाई."

हे वाक्य दिवसातून चार वेळा. आणि ते बोलून झालं की हाच माणूस वही उघडून मोजेवालीला जांभळीच्या नियमाने आणि जांभळीला मोजेवालीच्या नियमाने गुण द्यायला बसायचा.

बघता बघता त्यांची नजर टीव्हीच्या जरा वर जायची. टीव्हीवर, क्रोशाच्या रुमालावर, माझा पितळी तांब्या होता. त्यावर कोरलेलं, 'रांगोळी स्पर्धा, प्रथम क्रमांक'. मला वाटायचं, मास्तर तांब्याचं कौतुक करतायत. म्हणून मी तो चिंच लावून आणखी लखलखीत घासायची. आता आठवलं की त्याच चिंचेने स्वतःचं डोकं घासावंसं वाटतं.

ती स्पर्धा केबलच्या आधीची, महिला मंडळाची. परीक्षक तिघे: मुख्याध्यापिका, डॉक्टरीणबाई आणि आमचे मास्तर. स्पर्धेत त्यांची बायकोही होती, गोदाक्का. तिने पांढऱ्या रांगोळीचं एकच कमळ काढलं, ठिपक्यांशिवाय, चिमूट न उचलता. मी सात रंगांचा मोर काढला होता. पिसाऱ्यावर चमकी टाकली होती आणि उरलेली स्वतःच्या गालाला लावली होती. बेरीज वाचून दाखवली, मी पहिली. गोदाक्का मला म्हणाली, "ब्येस काढलास गं मोर." मला ते खरं वाटलं. पुढे चार महिने मी गल्लीत त्या मोरासारखीच चालत होते.

गोदाक्काने पुन्हा स्पर्धेत भाग घेतला नाही. दारापुढे मात्र रोज रांगोळी काढायची. केबल यायच्या दोन वर्षं आधी ती गेली.

एक दिवस मास्तर आले ते स्टूल विसरूनच. हातात फाटकं मासिक. "वहिनी, बेरीज न्हवतीच हो."

"कशाची?"

"यांची. पंच सहापैकी गुण देत्यात, पर गुनांची बेरीज करत न्हाईत. कुन्या पंचानं कुनाला पहिलं ठिवलं, येवढंच बगायचं. जिला जास्त पंचांनी पहिलं ठिवलं, ती पहिली. एखाद्यानं एखादीला लईच पाडलं, तरी बाकीच्यांचं ऐकायचं."

"मग चांगलंच की."

"लई चांगलं," ते म्हणाले, आणि आमच्या मऊ खुर्चीवर बसले. त्या दिवशी जांभळी दोनदा आपटली, पण मास्तरांची पेन्सिल कानावरून खाली आलीच नाही. ते वहीच्या मागच्या पानांकडे बघत होते. मग वीज गेली. ते उठून घरी गेले, आणि वही खुर्चीवर राहिली.

दुसऱ्याची वही उघडू नये, हे मला कळत होतं. मी उघडली. शेवटच्या पानावर फोटो नव्हते, नुसतं कोष्टक होतं. मुख्याध्यापिका: गोदा नऊ, वहिनी आठ. डॉक्टरीणबाई: गोदा नऊ, वहिनी आठ. तिसरी ओळ मास्तरांची: गोदा पाच, वहिनी नऊ. खाली बेरीज, तेवीस आणि पंचवीस. त्याखाली, पेन्सिल दाबून, ताजं लिहिलेलं: 'पंचांच्या पहिल्या क्रमांकाने: गोदा दोन, वहिनी एक.'

मी वही आणि तांब्या घेऊन शेजारी गेले. मास्तर ओट्यावर बसले होते.

"हा गोदाक्काचा," मी म्हणाले.

त्यांनी वहीकडे पाहिलं, मग तांब्याकडे. "नियम मागं लावायचा न्हाई, वहिनी."

"मग इतकी वर्षं वहीत काय करत होता?"

त्यांनी माझ्या हातातून तांब्या घेतला. "घरच्या मान्साला पहिलं दिलं तर लोक काय म्हनतील, म्हून पाच दिले. चार कापायसारकं त्या कमळात काय बी न्हवतं. घरी आल्यावर म्हनली, बरोबर केलं तुमी, लोक बोलले असते. आन भाकर वाढली." त्यांनी तांब्या मांडीवर फिरवला. "भांडली असती तर बरं झालं असतं."

 तांब्या तिथेच ठेवून मी घरी आले.

सकाळी दूध आणायला निघाले, तर मास्तरांच्या दारात तुळशीपाशी तो तांब्या, पाणी भरून. आणि उंबऱ्यापुढे, जिथे गोदाक्का गेल्यापासून काही उमटलं नव्हतं, तिथे पांढऱ्या रांगोळीचं एकच वर्तुळ. फळ्यावर खडू चालवलेल्या हाताला चिमटीतून रांगोळी सोडणं जमलं नव्हतं. तरी एकाच रेघेवरून तीनदा गेलेलं दिसत होतं.

मी दुधाची किटली बाजूला ठेवली आणि गुडघे टेकून पाहिलं. तिसऱ्या फेरीला एका जागी रेघ हलली होती.

मी गुण कापले नाहीत.