अण्णांचं मांजर-इन्स्पेक्शन

आमच्या शेजारचे अण्णा मांजर दिसलं की त्याचा ओठ वर करून हिरडी बघतात. मांजर कुणाचं, ते चावेल का, असले विचार त्यांना शिवत नाहीत. हिरडीवर अंगठा दाबायचा, सोडायचा आणि ती पुन्हा गुलाबी होते का बघायचं. झाली तर "पास." पांढरट राहिली तर "होल्डवर ठेवा."

अण्णा मूळचे इथले, चिखलीचेच. सगळी नोकरी चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचे सुटे भाग तपासण्यात गेली. निवृत्तीनंतर तपासायला सुटे भाग उरले नाहीत, पण सोसायटीत मांजरं भरपूर होती. आमच्या मनीच्या कानात टॉर्च मारून त्यांनी जाहीर केलं, "आत कॉफी पावडर हाय बघा. म्हंजी किडे." निदान बरोबर निघालं, पण मी बरेच दिवस कॉफीला तोंड लावू शकलो नाही.

त्यांचा स्वतःचा बोका म्हणजे साहेब. त्यांची बायको, शकूकाकू, वारल्यापासून घरात हे दोघेच. पहिल्या शिफ्टच्या वेळेला साहेबाची तपासणी व्हायची. डोळे, दात, मग वजन. त्याला नायलॉनच्या पिशवीत घालून ताणकाट्याला टांगायचे, आणि तो टांगल्या जागी जांभई द्यायचा. जनावरांच्या डॉक्टर मॅडमना अण्णा फारसं मानत नसत. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं होतं, "मॅडम, तुमच्या काट्याचं कॅलिब्रेशन कधी झालंय?"

एका रविवारी अण्णा माझ्या दारात आले. "साहेब सकाळधरनं वाळूच्या पेटीत बसून जोर करतोय. काय व्हत न्हाई. बद्धकोष्ठ हाय. एरंडेल पाजलंय."

दुपारी साहेब ओकला आणि कोपऱ्यात पडून कण्हायला लागला. अण्णांनी त्याची हिरडी दाबली, ती पांढरटच राहिली. मी गाडी काढली.

मॅडमनी साहेबाचं पोट दोन्ही हातांनी चाचपलं. "अण्णा, हे बद्धकोष्ठ नाही. लघवी अडकलीये. पिशवी दगडासारखी लागतेय हाताला. बोक्यांना होतं असं, आणि लोक नेमकं एरंडेल पाजतात. आज आणला नसता तर हातचा गेला असता."

अण्णा म्हणाले, "म्या चुकीचं पास केलं, मॅडम."

मॅडमनी भूल दिली, नळी घातली, लघवी मोकळी केली. मूत्रपिंडांसाठी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. लघवीचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर त्यात बारीक खडे.

अण्णांच्या कंपनीत बिघाड झाला की मूळ सापडेपर्यंत 'का, का' विचारत राहायची पद्धत. साहेब शुद्धीवर येतोय असं कळल्यावर ती सवय उफाळून आली.

"खडे का झाले?"

"लघवी घट्ट झाली म्हणून."

"का?"

"पाणी कमी पडलं."

"का?"

"ते तुम्ही सांगायचं, अण्णा," मॅडम म्हणाल्या. "पाणी का पीत नाही तो?"

अण्णा म्हणाले, "त्यो वाटीतलं पीतच न्हाई. ही व्हती तवा भांडी घासायला लागली की वट्ट्यावर चढून धारंला तोंड लावायचा. आता डबा येतो. घरात भांडीच पडत न्हाईत."

मला अण्णांकडे बघवेना.

साहेब वाचला. घरी आल्यावर त्यानं पहिल्याच दिवशी अण्णांना ओरबाडलं, आणि अण्णा ते ओरखडे सगळ्या सोसायटीला दाखवत फिरले.

हल्ली सकाळी शेजारून भांड्यांचा खडखडाट ऐकू येतो. परवा डोकावलो तर अण्णा मांडणीवरची लख्ख भांडी उतरवून घासत होते आणि साहेब ओट्यावर बसून नळाची धार चाटत होता.

"अण्णा, नुसता नळ सोडला तरी पिईल की तो."

"न्हाई येत. भांडी वाजल्याबिगर हलत न्हाई जाग्यावरनं." अण्णांनी एक स्वच्छ पातेलं पुन्हा विसळलं. "आन् खरं सांगू का राव, मला बी बरं वाटतं. ही घरातच हाय असं वाटतं."