विहिरीची परीक्षा

आमच्या विहिरीच्या पाण्याला नापास करणारा अजून जन्मायचाय, असं मी भर पारावर सांगितलं होतं! भाटघर धरणाचं पाणीसुद्धा त्यापुढं अळणी!

माझी बायको बनाबाई गेल्या वर्षी गेली. तेव्हापासून घरात बोलायला भिंतीच. पण रोज सकाळी बाया पाण्याला यायच्या, कळश्या आपटायच्या, एकमेकींच्या सासवा धुऊन काढायच्या. तेवढ्यावर माझा दिवस निघायचा.

अशात कॉलेजातली प्रांजल नावाची मुलगी गावातल्या विहिरी तपासायला येणार असं कळलं. पाणी पिण्याजोगं आहे का, शेताला चालेल का, ते बघायला. म्हणजे परीक्षाच की! आमचा मुलगा गोरख शाळेत असताना परीक्षेला निघाला की बनाबाई त्याच्या हातावर दही-साखर ठेवायची. मीही वाटीभर दही-साखर विहिरीत सोडली. पण एवढ्या मोठ्या विहिरीला वाटी कशी पुरणार? गाडगंच पालथं केलं!

शेजारच्या ठकुबाईनं बघितलं.

"भावजी, नुसतं दही? वैनी असत्या तर हिरीची वटी भरल्याबिगर ऱ्हायल्या असत्या व्हय?"

तिनं हळद, कुंकू, तांदूळ, सगळं ओतलं. पाणी पिवळंधमक झालं. ते बघून पलीकडच्या घरातला गेनबा धावला.

"आरं, पाणी नासलं!" म्हणत त्यानं जंतू मारायची पावडर टाकली. घमेलंभर!

तेवढ्यात प्रांजल आली. बादली वर ओढली, तर वर दह्याच्या गुठळ्या आणि वास दवाखान्याचा!

"आजोबा, पाणी रोज असंच असतं?"

दह्याचं सांगावं, तर कॉपी पकडल्यासारखं व्हायचं.

"रोजचंच! लई गोड हाय!"

निकाल आला. शेताला चालेल, पिण्यास अयोग्य. काठावर लाल फुली बसली आणि बाया खालच्या आळीच्या नळावर जायला लागल्या. सकाळी आता नुसता कावळा येतो.

शेवटी मी प्रांजलला फोन करून सगळं सांगितलं.

"मग तेव्हाच का नाही बोललात?" ती हसायचं थांबेना. "आधी विहीर पूर्ण उपसा. नवं पाणी येऊ द्या, मग परत तपासते."

मोटर लावून विहीर उपसली, पाणी भेंडीला सोडलं. भेंडी तेवढी खूश!

काल प्रांजल बाटली भरून घेऊन गेली. ठकुबाई नारळ घेऊन आली होती, तिला मी फाटकातच अडवलं. निकाल अजून यायचाय.

आमचा गोरख दहावीला दोनदा नापास झाला, दोन्ही वेळा दही-साखर खाऊनच. हे मला आधी आठवलं नाही. बनाबाई असती तर तिनं आठवण करून दिली असती... का तिनंच दही लावलं असतं, कोण जाणे!