तांदळाचं कार्ड

कार्डसाहेबांनी त्या सोमवारी ठरवलं ते तसं साधंच होतं. आठवडाभर वाण्याच्या दुकानाची पायरी चढायची नाही, घरात जे पडलंय त्यातच भागवायचं, आणि स्वयंपाक स्वतः करायचा. बायको आजारी नाही, घरात भांडण नाही, आणि भल्या माणसाला हे असं सुचावं? तर त्याला कारण होता फोन.

बायकोच्या मोठ्या बहिणीचा रोज संध्याकाळी फोन यायचा आणि तो ठेवला की घरात भाऊजीपुराण सुरू व्हायचं. भाऊजींनी म्हणे सलग दहा दिवस कपाटातल्या उरल्यासुरल्या जिनसांवर घर चालवलं, बाहेरून एक पुडी आणली नाही, आणि रोज ताटात काहीतरी नवीन. हे सांगताना बायकोच्या चेहऱ्यावर जे कौतुक पसरायचं, ते कार्डसाहेबांनी याआधी फक्त लग्नाच्या अल्बममध्ये पाहिलं होतं. (तिथंही ती फोटोग्राफरकडे बघत होती.)

भाऊजी म्हणजे कार्डसाहेबांचे साडू. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. माणूस उंच, डोक्यावरचे केस जागच्या जागी, आवाज असा की साधं पाणी मागितलं तरी समोरचा उठून उभा राहील. त्यांनी गाडी मागे घेतली तरी बायकोला त्यात कसब दिसायचं. कार्डसाहेबांच्या पोटात दुखायचं. हे नुसतं बोलायचं म्हणून नाही, खरोखरच दुखायचं, डाव्या बाजूला. रविवारी साडू आणि मेहुणी जेवायला यायचे होते. त्या दिवशी तरी बायकोनं ते कौतुक आपल्याकडे बघून करावं, एवढी एकच त्यांची इच्छा होती.

आता कार्डसाहेब काही ऐरेगैरे नव्हते. पंपांच्या कारखान्यात बावीस वर्षं स्टोअर सांभाळत होते. तिथं प्रत्येक खणाला एक कार्ड टांगलेलं असतं. आलं किती, गेलं किती, उरलं किती. एखादा नट हिशेबापेक्षा जास्त निघाला तरी ते तीन माणसांना उभं करून जाब विचारायचे. जास्त निघणं हे कमी निघण्याइतकंच वाईट, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि म्हणूनच कारखान्यात त्यांना हे नाव पडलं होतं.

सोमवारी संध्याकाळी त्यांनी स्वयंपाकघराबाहेरच्या सामानाच्या कपाटाचा ताबा घेतला. सगळे डबे खाली काढले, मोजले, प्रत्येकाला दोऱ्यानं कार्ड बांधलं आणि कपाटाला कुलूप ठोकलं. एक चावी स्वतःच्या खिशात. दुसरी, नियमाप्रमाणे, जबाबदार व्यक्तीकडे, म्हणजे बायकोकडे, वहीत सही घेऊन. बायकोनं सही केली आणि विचारलं, "चहाला साखर हवी असेल तर?"

"मागणीची चिठ्ठी द्यायची," ते म्हणाले. "दोन प्रतींत."

स्टोअरचा पहिला नियम म्हणजे आधी आलेला माल आधी बाहेर काढायचा. तोच नियम त्यांनी चुलीला लावला. कशाबरोबर काय चांगलं लागतं, हा प्रश्नच त्यांच्या मनात आला नाही. प्रश्न एकच, सगळ्यांत जुनं काय. कपाटातल्या सगळ्यांत जुन्या जिनसा निघाल्या सुके वाटाणे, जवाचं पीठ, मनुका आणि मुलीच्या मागच्या की त्याच्याही मागच्या वाढदिवसाला केकवर घालायला आणलेले रंगीत साखरेचे दाणे. म्हणून मंगळवारी या चौघांची एकत्र भाजी झाली.

मुलगी दहा वर्षांची, घरात तिला चिंगी म्हणत. ती बराच वेळ ताटाकडे बघत राहिली. मग तिनं हळूच विचारलं, "बाबा, वाटाण्यांचा वाढदिवस आहे का?" कार्डसाहेबांनी तिला जुन्या मालाचं महत्त्व समजावून सांगितलं. तोवर बायकोनं स्वतःचं ताट झाकून ठेवलं होतं. आपल्याला आज भूक नाही, असं ती म्हणाली. हे ती भाऊजींकडे जेवताना कधी म्हणायची नाही, हे कार्डसाहेबांच्या लगेच लक्षात आलं, आणि डावी बाजू पुन्हा दुखू लागली.

बुधवारी भातात ओट्स पडले, कारण दोघंही एकाच महिन्यात घरात आले होते. शेजारच्या बाईंनी खिडकीतून पातेल्यातला लगदा बघून विचारलं, भिंतीला काही लावताय का.

पण गुरुवारपासून गाडी रुळावर आली. वरण बेतशीर झालं. शुक्रवारी चण्यांना चक्क चव आली. पिठाचा कुबट वास गेला, मनुका टपोऱ्या दिसू लागल्या. बायकोनं दोनदा वाढून घेतलं, चिंगीनं ताट चाटून पुसून साफ केलं. आपल्या हाताला चव आली, असं कार्डसाहेबांनी मनाशी ठरवून टाकलं. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे माल संपत नव्हता. तांदळाच्या कार्डावर शिल्लक असायला हवी होती तीन वाट्या, डब्यात निघाल्या आठ. दुसरा कुणी असता तर चक्रावला असता. कार्डसाहेबांनी शांतपणे कार्डावर लिहिलं, 'काटकसरीमुळे वाढ, पाच वाट्या.' खाली सही केली. (हाच तो माणूस, जो एका नटासाठी तिघांना उभं करायचा.)

रविवारी पाहुणे आले. जेवण उत्तम झालं. साडूंनी बोटं चाटली, मेहुणीनं भात पुन्हा मागून घेतला. कार्डसाहेबांनी हात धुतले न धुतले तोच साडूंना कपाटापाशी नेलं आणि एकेक कार्ड दाखवलं. साडूंनी चष्मा कपाळावर चढवला आणि तांदळाचं कार्ड जरा जास्तच वेळ धरून ठेवलं. मग ते म्हणाले की अक्षर वळणदार आहे, आणि पाणी मागितलं.

कार्डसाहेब पाणी आणायला स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि तिथंच थबकले. आत दोघी बहिणी हसत होत्या. मेहुणी सांगत होती की त्या दहा दिवसांत ती रोज बाजारातून येताना गुपचूप डबे भरून ठेवायची, नाहीतर घर उपाशी मेलं असतं. कार्डसाहेब पाणी न घेताच परतले. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी साडूंना स्वतःहून मिठी मारली. साडूंना ते जरा जड गेलं.

पाहुण्यांची पाठ वळताच ते बायकोसमोर उभे राहिले. तुझे भाऊजी, म्हणाले, दहा दिवस बायकोनं भरलेल्या डब्यांतून रांधत होते आणि त्यांना पत्ताही नव्हता. इथं बघ, खरं स्टोअर कसं चालतं ते.

बायको भांडी पुसत होती. तिनं पातेलं उपडं घातलं आणि म्हणाली, "त्यांना तिसऱ्या दिवशीच कळलं होतं. ताईला बरं वाटावं म्हणून बोलले नाहीत."

"आणि आपल्याकडे?"

बायकोनं पदराची गाठ सोडून दुसरी चावी ओट्यावर ठेवली, ज्या चावीसाठी त्यांनी वहीत सही घेतली होती. चिंगी म्हणाली, "बाबा, पिशवी मी धरायचे. जड असायची."

कार्डसाहेब मटकन खुर्चीत बसले. बायकोला त्यांची दया आली असावी, कारण तिनं नुकताच केलेला चहा पुढे सरकवला. तोही चिठ्ठीशिवाय. "भाऊजींनी जाताना सांगितलंय," ती म्हणाली, "तांदळाचं कार्ड उलटून बघा."

त्यांनी कार्ड उलटलं. मागे पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'साडूभाऊ, कळलं तरी बोलू नका. काय हवं त्याची यादी करून तिच्या पिशवीत टाकत जा. माल चांगला येतो.'

कार्डसाहेबांनी ते दोनदा वाचलं, आणि डावी बाजू पुन्हा ठणकू लागली. मेल्याचं अक्षरसुद्धा त्यांच्यापेक्षा सुरेख होतं.