संपादकांची उचकी

संपादकांना पहिली उचकी लागली तेव्हा ते सकलगुणी थेंबांवर अग्रलेख लिहीत होते. ‘या बाटलीत पाणी आहे, रंग आहे आणि बाकी सगळी थाप आहे,’ इथवर आले आणि उचकीबरोबर हात उडाला. टाकाची शाई थेट सदऱ्यावर. ते पाणी प्यायले, त्यांनी टाक पुसला, पुढच्या वाक्याला हात घातला. पुन्हा उचकी.

सकलगुणी थेंबांची जाहिरात त्यांच्याच साप्ताहिकात शेवटच्या पानावर असायची. डोकेदुखी, दातदुखी, अपचन, उचकी, टक्कल, विंचवाचा दंश आणि मुलांचे अभ्यासात लक्ष न लागणे, या सर्वांवर पाच थेंब पाण्यातून. संपादकांचा एक नियम होता. जाहिरातदाराने जागा घेतली की ती जागा त्याची, आपण तिथे डोकावायचे नाही. म्हणून शेवटचे पान ते वाचतच नसत. पहिल्या पानावर थेंबांना शिव्या आणि शेवटच्या पानावर थेंबांच्या ओव्या, असा कारभार वर्षानुवर्षे चालला होता. वाचक दोन्ही पाने आवडीने वाचत आणि थेंब विकत घेत.

यंदा मात्र गोष्ट हातघाईवर आली होती. थेंबांचे मालक, ज्यांना सगळे गाव थेंबवालेच म्हणे, त्यांनी संपादकांना जाहीर आव्हान दिले होते. रविवारी संध्याकाळी वाचनालयाच्या दिवाणखान्यात, चारचौघांसमोर वाद करायचा. थेंब कुचकामी ठरले तर थेंबवाले जाहिरात कायमची बंद करणार. तसे ठरले नाही तर संपादकांनी पहिल्या पानावर, स्वतःच्या सहीने, थेंबांची तारीफ छापायची. संपादक तावातावाने हो म्हणून बसले. तशी सही त्यांच्या हातून झाली असती, तर पुढे मिठाच्या भावाबद्दलही त्यांच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवला नसता.

आणि आता बोलायचे म्हणून तोंड उघडले की, “सभ्य स्त्री, हिक्, पुरुषहो.”

बिऱ्हाड छापखान्याच्या वरच असल्यामुळे उचकीची बातमी जिन्यावरून खाली जायला वेळ लागला नाही. आईचे म्हणणे सरळ होते. कुणीतरी आठवण काढते आहे, त्याचे नाव घेतले की थांबेल. ती समोर बसून एकेक नाते पुढे करू लागली. आत्या झाली, मावशी झाली, धाकटे काका झाले, शाळेचे मास्तर झाले. जिवंत माणसे संपल्यावर ती वारलेल्यांकडे वळली.

“अगं, मेलेली माणसं कशाला माझी आठवण, हिक्, काढतील?”

“त्यांना दुसरं काम काय आहे?” आई म्हणाली.

शेवटी तिने थेंबवाल्यांचे नाव घेतले. त्यावर जी उचकी आली तिने संपादकांचा चष्मा नाकावरून खाली पडला.

समोरचा शिंपी सांगून गेला की पेल्याच्या पलीकडच्या कडेने, वाकून पाणी प्यावे. संपादकांनी तेही केले. पाणी नाकात गेले, उरलेले कानात गेले, उचकी जिथल्या तिथे. साखर झाली, श्वास कोंडणे झाले, मिरी हुंगणे झाले. मिरीने तर नुसती भर पडली. आता एक शिंक, एक उचकी, असे आळीपाळीने सुरू झाले.

खाली फोरमनने ऐकले होते की दचकवले की उचकी पळते. त्याने काही न सांगता छपाईच्या अक्षरांच्या, शिशाच्या खिळ्यांनी भरलेली पेटी उचलली, संपादकांच्या मागे जाऊन उभा राहिला आणि दिली सोडून. संपादक खुर्चीतून हातभर उडाले. उचकीही त्यांच्याबरोबर उडाली आणि त्यांच्याबरोबरच खाली बसली. पण पेटीतली सगळी अक्षरे खोलीभर सांडली. शनिवारचा अंक तोंडावर आलेला आणि अख्खा छापखाना गुडघ्यांवर रांगत टेबलाखालून काने, मात्रा आणि वेलांट्या वेचतो आहे, असा देखावा झाला. त्या गोंधळात शेवटच्या पानाला ऐन वेळी जो मजकूर हातात आला, तो फोरमनने न वाचता जुळवला आणि यंत्रावर चढवला.

इकडे संपादकांच्या बायकोला हे हाल बघवेनात. नवऱ्याने रात्रभर उचक्या दिल्या होत्या आणि मधल्या वेळात भाषण पाठ केले होते. तिने डोक्यावरून पदर घेतला, दोन गल्ल्या सोडून असलेल्या दुकानातून थेंबांची बाटली आणली आणि चहात घालावी म्हणून चुलीपाशी उभी राहिली. तिथे तिचा धीर सुटला. चहा प्यायल्यावर उचकी थांबली आणि का थांबली ते कळले, तर हा माणूस जन्मात आपल्या हातचा चहा घेणार नाही. तिने बाटली तशीच, न उघडता, साखरेच्या डब्यामागे लपवली. दुकानदाराने मात्र गिऱ्हाईक ओळखले होते. ती घरी परतायच्या आत बातमी थेंबवाल्यांकडे पोचली होती आणि तिथून नवी जाहिरात छापखान्यात.

शनिवारी सकाळी अंक वर आला. संपादकांची आई उतारवयात वाचायला शिकली होती. बारीक अक्षर तिला जमत नसे, म्हणून ती जाहिराती वाचे. एकेका अक्षरावर बोट ठेवून ती मोठ्याने वाचायची आणि घरात कुणी ऐकत नसे. त्या दिवशीही संपादक कोपऱ्यात उचक्या देत भाषण घोकत होते.

“आनं, द, वार्ता,” आई वाचत होती. “या च, पत्राचे, संपा, दक...”

संपादकांनी मान वर केली. “हिक्. काय म्हणालीस?”

“थांब रे, मध्ये बोलू नकोस, जागा चुकते. संपादक, यां ना, लागलेली, हट्टी, उचकी...”

“हिक्.”

“आमच्या, पाच, थेंबांनी, एका, मिनि, टात, बंद.” आईने चष्म्यावरून पाहिले. “तुझी कधी रे बंद झाली?”

संपादकांनी तिच्या हातातून अंक ओढला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी शेवटचे पान वाचले. कानांच्या पाळ्या लाल झाल्या, मग गाल, मग टक्कल. तोंड उघडले ते उघडेच राहिले. खोलीत सगळे पुढच्या उचकीची वाट पाहत होते. ती आलीच नाही.

“थांबली,” बायको हळूच म्हणाली.

जाहिरात छापली तेव्हा धादांत खोटी होती. वाचून संपेपर्यंत ती खरी झाली होती.

मग जे सुरू झाले त्यापेक्षा उचकी बरी होती. संपादक खाली उतरले तर शिंपी हात हलवून म्हणाला, शेवटी घेतलेत ना थेंब, छान केलेत. दूधवाल्याने अभिनंदन केले. आपण थेंब घेतलेच नाहीत असे संपादक ओरडून सांगू लागले, तर लोक समजूतदारपणे हसले. काल उचकी होती, आज नाही आणि पेपरात तर छापून आले आहे, तेही यांच्याच पेपरात. एवढे झाल्यावर बायकोने डब्यामागची बाटली आणून पुढे ठेवली आणि सगळे सांगून टाकले. संपादक तिच्यावर रागावले नाहीत. त्यांच्याजवळचा सगळा राग जाहिरातीवर खर्च झाला होता.

रविवारी दिवाणखाना खच्चून भरला. आई आणि बायको पहिल्या रांगेत बसल्या. थेंबवाले रेशमी उपरणे सावरत उठले. टेबलावर त्यांनी बाटल्यांची पेटी ठेवली होती. ते म्हणाले, फार बोलत नाही, दोनच प्रश्न विचारतो.

“संपादकसाहेब, आमची बाटली तुमच्या घरात आली की नाही?”

“आली.”

“आणि उचकी थांबली की नाही?”

“थांबली. आणि ती तुमच्यामुळेच थांबली, हेही मला कबूल आहे.”

दिवाणखान्यात कुजबुज झाली. संपादकांनी खिशातून बाटली काढून टेबलावर ठेवली. बुचावरची लाख शाबूत होती. बाटली उघडलीच नव्हती, तुमची जाहिरात वाचून संतापाने उचकी गेली, असे त्यांनी सांगितले तेव्हा मागची मंडळी बाकांवर उभी राहून पाहू लागली. टाळ्या सुरू झाल्या. पण थेंबवाले कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी हात वर करून टाळ्या थांबवल्या आणि विचारले की घेतलेच नाहीत, तर थेंबांत गुण नाही हे कशावरून? आणि ही गोष्ट लोकांनाही पटली. माना डोलू लागल्या. संपादकांना घाम फुटला. सही करायचा टाक डोळ्यांपुढे नाचू लागला.

“गुण कसला त्यात?” ते चिडून म्हणाले. “रंगीत पाणी ते.”

हे थेंबवाल्यांना झोंबले. थाप म्हटलेले त्यांना चालत असे, पाणी म्हटलेले चालत नसे. कारण बाटलीत पाणी सोडून बाकी सगळे होते. मिरी होती, सुंठ होती, कापूर होता आणि बराचसा कडक मद्यार्क होता. तान्हे मूल पिऊ शकेल असे निर्धोक औषध आहे आणि पाण्याचा एक टिपूस नाही, असे म्हणत त्यांनी संपादकांसमोरचीच बाटली उचलली, लाख फोडली आणि पाच थेंबांच्या जागी सबंध बाटली एका घोटात घशाखाली घातली.

क्षणभर काही झाले नाही. मग डोळ्यांत पाणी आले. मग मिशा थरथरल्या.

“पाहिलंत? मला काही, हिक्.”

थेंबवाले स्वतःच दचकले. “काही झा, हिक्.”

“थेंब घ्या,” मागून कुणीतरी शांतपणे सुचवले.

नाइलाजाने थेंबवाल्यांनी पेटीतून नवी बाटली काढली. पाच थेंब घेतले. हिक्. दहा घेतले. हिक्. लोक प्रत्येक घोटाला मोजणी करू लागले, प्रत्येक उचकीला टाळी देऊ लागले. अध्यक्ष म्हणून बसवलेले दंतवैद्य निकाल सांगायला उठले होते, पण हसू आवरेना म्हणून परत खाली बसले. निकाल सांगायची गरजही उरली नव्हती. शिंप्याने संपादकांना खांद्यावर घेतले. वर्षानुवर्षे अग्रलेख लिहून जे साधले नव्हते, ते थेंबवाल्यांनी एका घोटात साधून दिले होते.

खांद्यावरून खाली उतरल्यावर संपादकांचे लक्ष थेंबवाल्यांकडे गेले. उपरणे गळून पडले होते, माणूस खुर्चीत बसून घामाने निथळत होता, हिक् हिक् करत होता. संपादकांना ती गत ठाऊक होती. त्यांनी कालचा अंक काढून शेवटचे पान त्यांच्यापुढे धरले. उपयोग झाला नाही. आपणच लिहिलेले खोटे वाचून थेंबवाल्यांना धक्का कसा बसणार?

संपादकांनी थोडा विचार केला. मग ते वाकून म्हणाले, “हरला असलात तरी जाहिरात बंद करू नका. पुढचं वर्षभर मी तुमचे थेंब पहिल्या पानावर छापतो. फुकट. खाली माझी सही.”

थेंबवाले आ वासून पाहत राहिले. सगळा दिवाणखाना कान देऊन बसला. एक श्वास गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. उचकी नाही.

“थांबली,” थेंबवाले म्हणाले. त्यांनी संपादकांचे दोन्ही हात धरले. “साहेब, थांबली हो.”

पण संपादकांना खोटे बोलण्याची सवय नव्हती. ते त्यांना पचेना. “माफ करा,” ते म्हणाले, “आत्ता बोललो ते खोटं होतं. छापणार बिपणार काही नाही.”

“हिक्,” थेंबवाले म्हणाले.

पहिल्या रांगेत आईने कपाळाला हात लावला. “चांगली थांबली होती की रे त्याची. कशाला खरं बोललास?”