मिश्मिशवाले दाऊदभाई

दाऊदभाईंना जर्दाळू मुळीच आवडत नाहीत. तरी उन्हाळाभर दर शुक्रवारी नमाज आटोपला की ते जेद्दाच्या अझीझिया भागातल्या फळवाल्याकडे जायचे, किलोभर जर्दाळू घ्यायचे आणि सगळे आमच्या दारात आणून ठेवायचे. कारण काय, तर अरबीत जर्दाळूला मिश्मिश म्हणतात!

"मिश्मिश! अवो वयनी, बोलून तर बघा. तोंडाला कशी मजा येते!"

त्या फळवाल्याशी एकदा मिश्मिश बोलायला मिळावं म्हणून हा माणूस पाकीट उघडायचा आणि मुरंबा करून करून मी वैतागायची.

दाऊदभाई हर्णैचे. एसीच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला आणि जेद्दात आमच्या समोरच्या दारात राहायला. त्यांच्या मते शब्द दोन जातींचे. कामाचे आणि मजेचे. इकामा म्हणजे राहायचा परवाना, कफील म्हणजे आपली हमी घेणारा मालक, शिवाय फी, हे कामाचे. "त्यांना चव नाय." लुसलुशीत, गास्केट, भेंडोळं हे मजेचे. सकाळी मी कचऱ्याची पिशवी घेऊन निघाले की जिन्यात आडवे यायचे. "वयनी, आज भेंडोळं बोललात काय?" आता कुठली बाई सकाळी उठून भेंडोळं म्हणते? पण म्हणावं लागायचं, नाहीतर वाट सोडायचे नाहीत.

मग सौदीकरणाचे दिवस आले. बायकामुलांच्या इकाम्याची फी परवडेना, म्हणून त्यांची बायको खैरूनभाभी आणि लेक नाझ गावी गेल्या. पुढे काउंटरवर सौदी माणूसच हवा असा नियम आला आणि दाऊदभाईंची रवानगी मागच्या गोदामात झाली. आम्हाला वाटलं, आता हा माणूस मिटणार. कसचं काय! "गोदामात कंप्रेसर आहेत ना. मधे बोलत नायत, बरं ऐकतात."

वर्षभरात आमचीही पाळी आली. मिलिंदच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, जागी सौदी माणूस आला. सुदैवाने कॅनडाचे कागद झाले होते. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला आणि आमची सात वर्षांची रेवा तंगड्या पसरून बसली.

"आय ॲम नॉट गोइंग! दाऊदचाचा माझे कफील होतील. मी त्यांच्याकडे राहणार."

आखातातली पोरं ही! मी समजावलं, ओरडले, सायकलीचं आमिष दाखवलं. ढिम्म. वर रोज संध्याकाळी रडून घर डोक्यावर. आपल्या पोरीला अशी फरफटत विमानात चढवायची की काय!

एका संध्याकाळी दाऊदभाई आले आणि सोफ्यावर ऐसपैस बसले. रेवा उशीत तोंड खुपसून पडली होती.

"हा सोफा नाय," ते मलाच म्हणाले. "कॅनडात ह्याला चेस्टरफील्ड बोलतात."

उशीतून एक डोळा वर आला.

"आणि लोकरीची टोपी? टूक! एक डॉलरचं नाणं लूनी, दोनाचं टूनी."

"खोटं!" रेवा म्हणाली.

"अल्ला कसम. टूनी!"

दुकानात येणाऱ्या एका कॅनेडियन इंजिनिअरला गोदामात बोलावून, चहा पाजून पाजून, त्यांनी हा सगळा माल जमवला होता. मग रोज संध्याकाळी एक शब्द यायला लागला. दुप्पट दूध, दुप्पट साखरेची कॉफी म्हणजे डबल-डबल. झकास म्हणजे स्कूकम. नियम एकच, शब्द दुसऱ्या दिवशी वापरायचाच. "आई, धिस वरण इज स्कूकम!" बाहेर अंग भाजतंय आणि ही बया डोक्यावर माझी माकडटोपी घालून फिरतेय, टूक म्हणून!

मला काळजी वाटली. "अहो भाई, तिथली मुलं हे बोलत तरी असतील का? चेस्टरफील्ड म्हणे आता म्हातारीकोतारीच म्हणतात."

"मग म्हाताऱ्यांशी बोलेल. त्यांनाही कोणीतरी पायजेच."

निघायच्या दिवशी दुकानाची व्हॅन घेऊन तेच आम्हाला विमानतळावर सोडायला आले. रेवा रस्ताभर शब्द घोळवत होती. रडायचं नावसुद्धा नाही. मी म्हटलं, "भाई, तुमचे उपकार कसे फेडू?"

त्यांनी आरशातून मागे रेवाकडे पाहिलं.

"वयनी, माझी नाझ ह्याच रस्त्यानं रडत गेली. मी गाडी चालवत होतो. इतके शब्द माझ्याकडे, पण एक नाय निघाला तोंडातून. आता फोन केला की सलाम करते आणि आईकडे देते."

मला रागच आला. समोरच्या दारात राहून हे आम्हाला कधी कळू दिलं नाही!

गाडी थांबली. आम्ही सामान उतरवायला लागलो तेवढ्यात रेवाने त्यांचा फोन हातात घेतला. "नाझदीदीला लावा ना."

"अगं, ती अभ्यास करत असेल..." पण कार्टीने लावून घेतलाच. पडद्यावर नाझचा कोरा चेहरा आला.

"सलाम. अम्मीला देऊ?"

"नो! से टूनी!"

"काय?"

"टूनी! से स्कूकम!"

नाझ बघतच राहिली. मग ओठ हलले. "टूनी," ती म्हणाली आणि फसकन हसली. "अब्बा, काय शिकवलंत ह्या पोरीला?"

दाऊदभाईंनी दोन्ही हातांनी फोन घेतला. "सांगतो, सांगतो. तुला पण सांगतो ना!"

ट्रॉली भरली. मिलिंद घड्याळ दाखवायला लागला. मी "येते, भाई" म्हटलं, त्यांनी नुसताच हात हलवला. रेवा पुढे पळत सुटली होती. काचेच्या दारातून मी मागे वळून पाहिलं, तर ते व्हॅनला टेकून फोनशी भांडत होते.

"नाय गो, लूनी एकाचं! आईला देऊ नको फोन. आधी बोलून बघ..."

आमच्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. मी हाक मारली नाही.